माजी खेळाडू संघटनेच्या खुर्चीत बसल्यानं फरक पडतो का? फिलिपिन्सच्या अरानेटांची 13 वर्षं

बालेवाडीकर

30 जानेवारी 2022, रविवार. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं, पण करोनाचे दिवस, म्हणून सामना मोबाइलवरच बघत होतो. महिला आशिया चषकाची उपांत्यपूर्व फेरी, फिलिपिन्स विरुद्ध चायनीज तैपेई. 1-1, जादा वेळ, मग पेनल्टी. फिलिपिन्सची गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिनं फटके तर अडवलेच, पण स्वतः पुढे येऊन एक मारलाही. शेवटचा सरिना बोल्डननं जाळ्यात घातला. 4-3. फिलिपिन्सचा सीनियर संघ पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरला, आणि तो आपल्या पुण्यात. पुढच्या वर्षी वेलिंग्टनला याच बोल्डनच्या गोलवर त्यांनी यजमान न्यूझीलंडला 1-0 हरवलं.

तेव्हा तिथल्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते मारियानो 'नोनोंग' अरानेटा. स्वतः राष्ट्रीय संघाकडून खेळलेले. नोव्हेंबर 2010 मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून आधीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं आणि खुर्ची अरानेटांकडे आली. 2023 पर्यंत ती त्यांच्याकडेच होती. त्यांच्या काळात पुरुषांचा संघ 2019 मध्ये पहिल्यांदा आशिया चषकात खेळला, 2022 मध्ये महिलांनी मनिलात थायलंडला 3-0 नमवून आग्नेय आशियाचं विजेतेपद घेतलं. कविते (मनिलाजवळचा प्रांत) इथल्या कार्मोनात महासंघाचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मैदानावर घाम गाळलेला माणूस खुर्चीत असेल तर पैसा लावणाऱ्यांना आणि खेळाडूंना भरवसा वाटतो. आपल्याकडे मात्र भारतीय फुटबॉल महासंघाला पहिला माजी खेळाडू अध्यक्ष मिळायला 85 वर्षं लागली. 2019 ला क्वालालंपूरमध्ये फिफा कौन्सिलवर आशियातून जे निवडून आले, त्यात त्यांचे अरानेटा होते आणि आपले प्रफुल्ल पटेल, म्हणजे राजकारणातले, तेव्हाचे आपल्या महासंघाचे अध्यक्ष. हा फरक मला आजही खटकतो.

रंकाळा_10

पूर्ण असहमत, आणि मी स्वतः पेठेच्या संघाकडून बारा वर्षं खेळलोय म्हणून सांगतो.

आधी तारखा बघा. अरानेटा आले नोव्हेंबर 2010 च्या शेवटी. 5 डिसेंबरला आग्नेय आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सनं हनोईत व्हिएतनामला 2-0 हरवलं आणि तिथलं फुटबॉल जागं झालं. आठवड्याभरात कोण संघ बांधतो? तो संघ डॅन पलामी या ताक्लोबानच्या उद्योजकानं खिशातले पैसे घालून जमवला होता. ज्या महिला संघाचं तुम्ही एवढं कौतुक करताय, त्याच्या पाठीशी जेफरसन चेंग होते, तेही उद्योजकच. आणि त्यातल्या कितीतरी मुली अमेरिकेत वाढलेल्या, तिथल्या कॉलेजात तयार झालेल्या. महासंघानं घडवलं काय?

महासंघाचं स्वतःचं काम म्हणजे लीग. 2017 ला आठ क्लब घेऊन राष्ट्रीय लीग काढली, पहिल्याच मोसमानंतर दोन क्लब बंद. 2019 ला नव्या नावानं मांडणी केली, ती एका फेरीत गुंडाळली. देशातला सगळ्यात तगडा सेरेस क्लब 2020 मध्ये मालकांनी सोडला. माजी खेळाडू अध्यक्ष असताना झालंय हे सगळं.

आणि 13 वर्षं एकच माणूस? पटेलांवर आक्षेप मुदत संपूनही खुर्ची न सोडण्याचा होता. मग लांबलेल्या कारकिर्दीचा प्रश्न इथंही विचारा की.

आपलंच बघा. 2022 ला कल्याण चौबे अध्यक्ष म्हणून आले, माजी गोलकीपर. समोर बायचुंग भुतिया, तोही माजी खेळाडू. निकाल 33-1. मतं राज्य संघटनांच्या हातात, ती काय गोल मोजून पडतात? त्यानंतर 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे आपल्या वरच्या लीगचा, मोसम वेळेवर सुरूसुद्धा झाला नाही.

गोलपोस्ट

+1 रंकाळा. खेळता येणं आणि हिशोब ठेवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मनिलातून

सहा वर्षं नोकरीनिमित्त इथं आहे, म्हणून थोडं लिहितो.

इथं प्रत्येक गल्लीत बास्केटबॉलची रिंग आहे. विजेच्या खांबाला, नारळाच्या बुंध्याला, कुठंही. त्याखाली मुलं रात्री अकरापर्यंत चपला घालून खेळतात. फुटबॉल म्हणजे इलोइलो, बाकोलोद आणि मनिलातल्या काही शाळा. बार्सिलोनाचा जुना नामवंत पावलिनो अल्कांतारा इलोइलोचाच (तोही पुढे बार्सिलोनाच्या संचालक मंडळात बसला होता), पण आमच्या ऑफिसात त्याचं नाव दोघांनाच माहीत.

लीग का कोसळली त्याचं मोठं कारण भूगोल आहे. सात हजारांवर बेटं. दावाओचा संघ लागुनाला खेळायला येणार म्हणजे पंचवीस-तीस जणांची विमानाची तिकिटं, हॉटेल, जेवण. गेटवर जमणार काय? मनिलातल्या रिझाल मेमोरियल स्टेडियमला लीगचे सामने मी बघितलेत. इतकी तुरळक माणसं की कोच काय ओरडतोय ते वरच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतं. हा तोटा कोणताही अध्यक्ष भरून काढू शकला नसता. पण हे गणित आधी मांडायला हवं होतं, या रंकाळांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे.

बालेवाडीकर

रंकाळा, लीगबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण पलामी आणि चेंग यांच्या मुद्द्यावरून मी हलणार नाही. 2010 ची अवस्था आठवा. हनोईच्या विजयानंतर उपांत्य फेरीचा घरचा सामना घ्यायला त्यांच्याकडे धड स्टेडियम नव्हतं, दोन्ही सामने जकार्तात खेळले. अशा संघटनेत कोण वर्षानुवर्षं पैसा ओततं? अध्यक्षाला सगळं आपल्याच नावावर करायचं असतं तर पलामी दोन वर्षांत निघून गेले असते. ते 2024 पर्यंत राहिले. अरानेटांनी त्यांना काम करू दिलं. संघाला काय लागतं हे अनुभवलेल्या माणसालाच असं मागं राहणं जमतं, असं मला मनापासून वाटतं.

रंकाळा_10

ते मागं राहणं चांगल्या प्रशासकालाही जमतं. त्याला खेळाडूच कशाला हवा?

माझा अनुभव सांगतो. खेळणं सोडल्यावर मला एका स्पर्धेच्या समितीत घेतलं, कारण 'आपला जुना स्ट्रायकर'. पहिल्याच महिन्यात रेफ्री मंडळी दारात उभी. मागच्या मोसमाचं मानधन थकलेलं. बारा वर्षं मी त्यांच्याशी ऑफसाइडवरून भांडलो, पण त्यांना पैसे कुठून, कोणत्या सहीनं, कधी मिळतात हे मला ठाऊक नव्हतं. वही उघडली तर पावत्यांचा पत्ता नाही. त्या वर्षी मला एका निवृत्त बँक कॅशियरनं शिकवलं. रोज संध्याकाळी दोन तास, माझ्या शेजारी बसून. त्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. स्पर्धा त्यांच्यामुळं झाली.

मनिलातून

म्हणूनच इथली आताची मांडणी मला पटते. 2023 च्या अखेरीस अरानेटांनंतर जॉन गुटिएरेझ अध्यक्ष झाले, आणि राष्ट्रीय संघांचं काम फ्रेडी गोन्झालेझकडे दिलं. हा राष्ट्रीय संघाचा जुना स्ट्रायकर. खुर्ची एकाची, संघ दुसऱ्याकडे. 27 डिसेंबर 2024 ला आग्नेय आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत थायलंडविरुद्धच्या पहिल्या सामन्याला मी रिझाल मेमोरियलला होतो. भरपाई वेळेत फिलिपिन्सच्या लिनारेसनं हेडर मारला, 2-1. थायलंडला हरवायला त्यांना 52 वर्षं लागली होती. माझ्या शेजारचे आजोबा खाली बसून रडत होते. परतीच्या सामन्यात बँकॉकला जादा वेळेत हरले, तरी दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत रिंगखाली पहिल्यांदा फुटबॉल दिसला.

रंकाळा_10

या मांडणीला माझा विरोध नाही. खेळाडूला संघ द्या, हिशोबाची वही ती जाणणाऱ्याला द्या. गल्लीतल्या त्या पोरांना खेळायला जवळपास क्लब आहे का, तेवढं बघून सांगा.

मनिलातून

आहे एक, तीन किलोमीटरवर. शनिवारी जाऊन फी विचारतो आणि इथंच लिहितो.