मदत हवी आहे : अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मानेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्यात का?

नमस्कार. माझ्या वडिलांना, वय ६४, पाच महिन्यांपूर्वी अन्ननलिकेच्या मधल्या भागाच्या स्क्वेमस सेल प्रकारच्या कर्करोगाचे निदान झाले. एंडोस्कोपीच्या अहवालानुसार गाठ पुढच्या दातांपासून २६ सेंटिमीटरवर सुरू होते. पेट स्कॅनमध्ये छातीच्या वरच्या भागात, आवाजाच्या उजव्या नसेलगत एक लसिका ग्रंथी उजळलेली, म्हणजे बाधित असावी अशी, दिसली होती. मानेत काही नव्हते. त्यानंतर दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल आणि सोबत रेडिएशनचे २३ डोस झाले. तेव्हा पाणीही ठसका लागून परत यायचे. आता ते दुधात कुस्करलेली भाकरी सावकाश खातात. नव्या स्कॅनमध्ये ती ग्रंथी उजळत नाही.

शस्त्रक्रिया करायची यावर दुमत नाही, ती किती मोठी करायची यावर आहे. पहिले सर्जन छाती आणि पोट एवढ्याच दोन भागांतल्या ग्रंथी काढू म्हणतात. दुसऱ्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवले, की त्या नसेलगतची ग्रंथींची साखळी छातीतून सरळ मानेत चढते. तिथली एक ग्रंथी सुरुवातीला बाधित वाटली असल्यामुळे मानेच्या दोन्ही बाजूही साफ कराव्यात, असे त्यांचे मत आहे.

मी जमेल तेवढे वाचले. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या कर्करोग रुग्णालयात मधल्या आणि खालच्या भागातील कर्करोगाच्या ४०० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ६३ टक्केच होते. नेदरलँड्सच्या क्रॉस चाचणीत, जिच्यातले उपचार वडिलांना मिळाले, केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये जास्त ग्रंथी काढण्याचा आणि जास्त जगण्याचा संबंध दिसला, पण आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांमध्ये तो दिसला नाही. मात्र त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण ॲडिनोकार्सिनोमा या वेगळ्या प्रकारच्या कर्करोगाचे होते, म्हणून हा आधार वडिलांना कितपत लागू करावा, हे मला ठरवता येत नाही. माझा कल दोन भागांच्या शस्त्रक्रियेकडे आहे. तरी गाठ अन्ननलिकेच्या वरच्या भागाच्या सीमेला इतकी जवळ असताना आणि नसेजवळची ती ग्रंथी माहीत असताना मान तशीच सोडणे चूक तर ठरणार नाही ना, या विचाराने झोप लागत नाही.

वडील गेली तीस वर्षे गावच्या देवळात काकड्याचे अभंग म्हणतात. छातीतली ती ग्रंथी काढताना नसेला धोका दोन्ही प्रकारांत आहे हे मला समजते, पण मान उघडल्याने तो किती वाढतो, हे त्यांना प्रामाणिकपणे सांगायचे आहे. नस दुखावली तर नुसता आवाज बसत नाही, गिळताना ठसका लागून अन्न फुप्फुसात जाते, याची मला अधिक भीती वाटते.

इथे कर्करोगाचे सर्जन असतील तर कृपया सांगावे : केमो-रेडिएशननंतर विझलेली नसेलगतची ग्रंथी मान साफ करण्यास पुरेसे कारण मानतात का? मानेची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी करून निर्णय घेणे योग्य होईल का? आणि ज्यांच्या घरी छाती, पोट आणि मान अशी तिन्ही भागांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आवाज आणि तोंडाने खाणे पूर्ववत व्हायला किती आठवडे लागले, ते कळवावे. पुढच्या गुरुवारी आम्हाला दोन्हींपैकी एका सर्जनना होकार कळवायचा आहे.