गाई वाहून गेल्या, पंचनामा झालाय, पैसे नाहीत

सीनाकाठचा: सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेचं पाणी गोठ्यात शिरलं. दोन एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आणि एक कालवड गेली. पंचनामा झालाय. शेजारच्याला पैसे आले, आम्हाला नाहीत. विचारायला गेलं की "वरून यायचेत" म्हणतात. वर म्हणजे कुठं? माहीत असेल त्यानंच सांगा, उगं धीर देऊ नका.

माढेकर: पंचनामा कशाचा? पिकाचा, घराचा, जनावरांचा, सगळे कागद वेगळे असतात. गाई मेलेल्या सापडल्या का? डॉक्टरनं पीएम, म्हणजे शवविच्छेदन केलं? कानात बिल्ले होते?

सीनाकाठचा: जनावरांचाच. कालवड बाभळीत अडकलेली सापडली, तिचं पीएम झालं. गाई सापडल्याच नाहीत. बिल्ले होते, नंबर दिलेत. आता पैशाचं बोला.

गोठा_नंबर_एक: पीएम नाही तर गाईंचे विसरा.

माढेकर: वाहून गेलेल्या गाईचं पीएम नदीत उतरून करायचं का? त्याला तलाठी आणि गावातल्या पंचांच्या सह्या असतात. घाबरवू नका माणसाला.

चारा_छावणी: झेडपीच्या पशुसंवर्धनकडं अर्ज करा. २०२२ ला लम्पीत आमचा बैल गेला, २५ हजार मिळाले. राहिलेल्यांना लस टोचा आधी.

माढेकर: दादा, ते पुराचं विचारतायत. हे पैसे महसूलकडून येतात. दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, ओढकामाचं जनावर ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. तीनच दुधाळ जनावरांचे पैसे मिळायची अट होती, ती सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात काढली. तुमचे ९५ हजार बसतात.

गोठा_नंबर_एक: ३७,५०० त एचएफ कोण देतंय? सांगोल्याच्या बाजारात दर विचारून या.

खिल्लारप्रेमी: म्हणून म्हणतो खिल्लार पाळा. पोहून निघाली असती.

गोठा_नंबर_एक: आणि डेअरीला काय घालायचं, शिंगं?

सेतूवाला: मूळ मुद्द्यावर या. व्हीके नंबर, म्हणजे मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक आला का? यादी तलाठ्याकडं असते. तो नंबर घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो.

सीनाकाठचा: ते कवाच झालंय. वडलांचा अंगठा दिला, पावती आहे.

सेतूवाला: म्हणजे लाभार्थी वडील! हे पहिल्यांदा सांगायचं ना राव. पासबुक कुणाचं बघताय?

सीनाकाठचा: वडलांचंच. कर्जाचं खातं आहे ते. पोस्टात एक काढलंय श्रावणबाळच्या पैशासाठी, त्याचा इथं काय संबंध?

सेतूवाला: तोच तर संबंध. मदत पासबुकाच्या नंबरवर येत नाही, आधार ज्या खात्याला जोडलाय तिथं जाते. नंतरच्या खात्याला आधार जोडला की पहिलं आपोआप सुटतं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, ओटीपी येईल. तिथंही नसतील तर व्हीके नंबर टाकून पेमेंटची स्थिती काढा, फेल असेल तर तसं दिसतं.

कोंबडीवाला: कोंबडीला शंभर रुपये आहेत म्हणे. माझ्या चाळीस गेल्या. पुरात नाही, कुत्र्यानं खाल्ल्या. बसेल का?

खिल्लारप्रेमी: कुत्र्याचा पंचनामा करा.

सीनाकाठचा: आधारला जुना मोबाइल नंबर आहे, सिम बंद. ओटीपी कुठून आणू?

सेतूवाला: ओटीपी सोडा. वडलांना घेऊन पोस्टात जा, अंगठ्यावर शिल्लक कळते. आणि आल्यावर इथं लिहा, नाहीतर सगळे काम झालं की गायब होतात.