वाईटच होणार असे धरून चालण्याची सवय कशी मोडावी?

निफाडकर :
नमस्कार. निफाड तालुक्यात माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. 2014 च्या गारपिटीत काढणीला आलेले घड मातीत पडलेले मी पाहिले, आणि तेव्हापासून गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झाली की साधा ढग दिसला तरी यंदाचे पीक गेले, असेच मी मनाशी धरतो. आधीच वाईटाची तयारी ठेवली म्हणजे पुढे दुःख कमी होते, असा माझा समज होता. पण ज्या वर्षी माल उत्तम निघाला त्या वर्षाचाही आनंद मी घेतला नाही, हे पत्नीने लक्षात आणून दिले. आता नववीतला मुलगाही परीक्षेआधीच 'मला जमणारच नाही' म्हणू लागला आहे. आशावादी राहणे ठरवून जमते का, की तो जन्मजात स्वभावच असतो?

सविता, गंगापूर रोड :
मी मानसशास्त्र शिकवते. स्वभावाचा वाटा असतोच, परंतु अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. 1967 मधील प्रयोगांत, ज्यांना विजेचे धक्के टाळता येत नव्हते असे बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. आपले काही चालत नाही, हे ते जणू शिकले होते. माणसांच्या बाबतीत सेलिगमन यांनी नंतर असे मांडले की संकट आल्यावर आपण स्वतःला त्याचे जे कारण सांगतो, त्यावर पुष्कळ अवलंबून असते. 'नेहमी असेच होते, सगळेच बिघडते, दोष माझाच' असे म्हणणारा खचतो. 'या वेळी, एवढ्यापुरते बिघडले' असे म्हणणारा पुन्हा उभा राहतो. गारपीट एका हंगामाची होती. 'माझ्या नशिबी गाराच' हे वाक्य आपण त्यावर चढवले आहे, आणि मुलाने तेच उचलले असावे, असे मला वाटते. मात्र ज्यांची चिंता त्यांना नीट तयारी करायला लावते, त्यांनी ती बळेच दाबू नये, हेही मी आवर्जून सांगेन.

दिंडोरीचा बागायतदार :
दादा, मन चिंती ते वैरी न चिंती, हे मी स्वतः भोगले आहे. आता भीती वाटली की तिच्यावर आज काही करता येते का, एवढेच पाहतो. डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती असेल तर पानाची खालची बाजू तपासावी, पांढरी बुरशी दिसली तर फवारणीचे ठरवावे. गारा आपल्या हातात नाहीत, म्हणून विमा भरावा आणि झोपावे. एप्रिलच्या खरड छाटणीत आपण भर उन्हात वेली उघड्याबोडक्या करतो, त्यानंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो, आणि तो आपल्याला दिसतही नाही. तरीही आपण दरवर्षी कात्री हातात घेतोच ना? ज्याला आशा नाही, तो हे काम करूच शकणार नाही.

निफाडकर :
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी पुन्हा ढग दाटले होते, तेव्हा मुलाला बरोबर घेऊन बागेत गेलो आणि आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात ओळीओळीने पाने उलटून पाहिली. बुरशी कुठेच नव्हती. परत येताना गणिताचे कोणते प्रकरण अडते, ते त्याने आपणहून सांगितले.