टिळकांचा लंडनचा खटला आणि लोकांची वर्गणी: ते पैसे घेणं योग्य होतं का?

जमाखर्च
लोकमान्य टिळकांच्या राजकारणावर आपण तासन्‌तास भांडतो, पण त्यांच्या पैशाचा विषय निघाला की 'मोठ्या माणसांचं असलं काही काढू नये' म्हणून गप्प बसतो. मला वाटतं, काढावं. लपवावं असं त्यात काही नाही.

मुद्दा चिरोल खटल्याचा आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या आपल्या पुस्तकात टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनांशी त्यांचा संबंध जोडला, आणि ताईमहाराज प्रकरणावरून (एका मित्राच्या इस्टेटीचा आणि दत्तकाचा वाद) त्यांच्या सचोटीवरच चिखल उडवला. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या सुरुवातीला तो चालला, टिळक हरले, दोन्हीकडचा खर्च अंगावर आला. रक्कम लाखांत. पुढे इथल्या लोकांनी वर्गणी काढून तो भार हलका केला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही वर्गणी घेण्यात काहीही गैर नव्हतं. १९१६ चा २३ जुलै आठवा. साठी पूर्ण झाली म्हणून पुण्यात गायकवाड वाड्यात लोकांनी एक लाखाची थैली दिली. टिळकांनी ती राष्ट्रकार्याला दिली. आणि त्याच वाढदिवसाला सरकारने काय भेट पाठवली? वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी द्या, वीस हजारांचा स्वतःचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन! (ती नोटीस नोव्हेंबरमध्ये हायकोर्टात उडाली. टिळकांची बाजू जिनांनी मांडली होती.) सरकार ज्याला पैशाने जखडू पाहतं, त्याला लोकांनी पैशाने सोडवलं तर बिघडलं कुठे?

कोर्टकचेरी
थैलीबद्दल वाद नाही. ती देणाऱ्यांनी आनंदाने दिली आणि घेणाऱ्याने स्वतःवर खर्च केली नाही. पण तिच्या आडून चिरोल खटल्याचं समर्थन करू नका. अब्रुनुकसानीचा दावा हा माणसाचा स्वतःचा दावा असतो. जिंकले असते तर भरपाई टिळकांना मिळाली असती. मग हरल्यावर बिल लोकांच्या नावावर कसं?

शिवाय वकिलीच्या नजरेने बघा. वादी कोण, तर १८९७ आणि १९०८ असा दोनदा राजद्रोहात शिक्षा झालेला माणूस. निवाडा करणार इंग्रज ज्यूरी, तोही महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना. समोर एडवर्ड कार्सनसारखा उलटतपासणीत माणूस सोलून काढणारा बॅरिस्टर. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर, लॉ क्लास चालवून पोट भरलेले. आपली बाजू किती टिकेल हे त्यांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. दोन-चार आणे टाकणाऱ्या माणसाचा पैसा असल्या जुगारात जाऊ नये.

हजेरीपट
@कोर्टकचेरी, टिळक लंडनला पोचले कसे, हे तुम्ही सोडून दिलंत. १९१८ च्या वसंतात होमरूलचं (स्वराज्य मागणाऱ्या चळवळीचं) शिष्टमंडळ निघालं तेव्हा त्यांना कोलंबोतूनच परत फिरवलं, पासपोर्ट रद्द. नंतर सरकारने टिळकांना जाऊ दिलं ते या खटल्यासाठी, आणि तेही आधी राजकीय भाषणं न करण्याच्या अटीवर. ती अट पुढे सुटली. मग वर्षभर राहून त्यांनी मजूर पक्षाच्या लोकांना भेटून हिंदुस्थानची बाजू मांडली. खटला नसता तर हे झालंच नसतं. लोकांनी भरलं ते या सगळ्याचं भाडं.

कोर्टकचेरी
तसं असेल तर तसं म्हणा! 'राजकारणासाठी लंडनला जायचं होतं, दावा हे निमित्त' असा हिशेब असेल तर तो निदान प्रामाणिक वाद आहे. पण तुम्ही दोघे एकाच पैशाला कधी अब्रूचा खर्च म्हणता, कधी चळवळीचा. जिथे जे सोयीचं ते.

जुनी वही
मला या चर्चेत १८९० आणायचं आहे. पुण्यात शाळा-कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पंचाहत्तर रुपयांवर काम करायचे. टिळकांचा आग्रह असा की एवढ्यात भागवायचं, बाहेरची कमाई करायची नाही, सगळा वेळ संस्थेला द्यायचा. पगारवाढीलाही त्यांचा विरोध. आगरकरांसारख्या ओढगस्तीत संसार चालवणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं असेल! शेवटी या आणि अशाच वादांतून टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यानंतर लॉ क्लास, लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागीदारी, वर्तमानपत्रं. इतरांना पंचाहत्तर रुपयांत बांधणारा माणूस तीस वर्षांनी लाखांचा खटला लढतो आणि लोक भरतात. हे मला खटकतं. टिळकांबद्दल आदर आहे म्हणूनच खटकतं.

जमाखर्च
@जुनी वही, तुमचा आक्षेप मला यात सगळ्यात वजनदार वाटतो, पण क्रम पाहा. संस्थेत असताना बाहेरची कमाई नको म्हणाले, आणि बाहेरची कमाई सुरू केली ती संस्था सोडल्यावर. दोन्ही वेळा नियम एकच. केसरी आणि मराठा त्यांच्याकडे आले ते कर्जासह. ते फेडायचं आणि घर चालवायचं म्हणून क्लास काढला. संस्थानिकाची चाकरी धरली नाही, की सरकारी नोकरीही केली नाही. राजकारण करणाऱ्याची चूल राजकारणावर पेटू नये, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. आगरकरांची ओढाताण मीही नाकारत नाही, त्याचं दुःखच वाटतं.

आणि कोर्टकचेरी, अब्रू आणि चळवळ वेगळी करता येतात असं तुम्ही धरून चालता. ताईमहाराज प्रकरण घ्या. १८९७ साली बाबामहाराज पंडित वारले, त्याआधी त्यांनी टिळकांना इस्टेटीच्या विश्वस्तांत घेतलं. इस्टेट कर्जात, पुढे दत्तकाचा वाद, त्यांची विधवा ताईमहाराज विरोधात, टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला, त्यात शिक्षा, ती हायकोर्टात रद्द, आणि अखेर १९१५ ला प्रिव्ही कौन्सिलचा (लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाचा) निकाल विश्वस्तांच्या बाजूने. मित्राला दिलेल्या शब्दापायी एवढी वर्षं गेली. एवढं होऊनही एक इंग्रज पत्रकार त्याच प्रकरणावरून डाग लावतो. ज्याच्या हातात लोक लाखाची थैली ठेवतात, त्याने आपल्या सचोटीवरचा आरोप गिळून बसायचं? मग पुढची थैली कुणी द्यावी?

हजेरीपट
अगदी हेच. १८९७ ला पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा बचावासाठी बंगालमधूनही पैसे आले होते. त्यांना कुणी विचारलं नाही की टिळक तुमचे कोण.

कोर्टकचेरी
१८९७ ला टिळक आरोपी होते. सरकारने ओढून नेलेल्या माणसाचा बचाव आणि स्वतः होऊन लावलेला दावा यांत तुम्हाला फरक दिसत नसेल तर पुढे बोलणं कठीण आहे. आरोपीला पर्याय नसतो, वादीला असतो. ताईमहाराज प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिलाच होता. तो छापून वाटला असता तर खर्च किती आला असता? केसरीचा एक अंक!

सचोटीवर शंका मला कधीच नव्हती. माझा प्रश्न निर्णयाचा आहे. १९१६ ला लोकांनी आपणहून थैली भरली, ती कशात जाणार हे त्यांना टिळकांनी सांगितलं. १९१९ ला खटला संपला होता, उरली होती फक्त देणी. अशा वेळी भक्त माणूस नाही म्हणू शकतो का?

जुनी वही
नाही म्हणू शकत नाही. आणि म्हणून मी जमाखर्च यांच्याशी अर्ध्यावरच सहमत आहे. टिळकांनी पैसा घेतला त्यापेक्षा, त्यांच्याकडे बोट दाखवून नंतरच्या पुढाऱ्यांनी आपल्या खाजगी कोर्टखर्चासाठी जे निधी काढले, त्यांचा हिशेब कुणी मागितला नाही, याची मला जास्त चीड आहे.

जमाखर्च
त्याचा हिशेब जरूर मागा, मीही मागेन. पण तो टिळकांच्या खात्यावर नको. त्यांची थैली भर सभेत आली आणि भर सभेत गेली. नंतरच्यांपैकी ज्यांना तसं जमलं नाही, ते उत्तर त्यांनी द्यायचं आहे.