राष्ट्रीय नेते स्वतःच्याच प्रदेशात अप्रिय का होतात?

चिकित्सक:
ज्या नेत्याचा शब्द देशाच्या राजधानीत प्रमाण मानला जातो, त्यालाच त्याच्या प्रदेशातील मतदार घरी बसवतात, असे अनेकदा घडलेले दिसते. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज १९६७ मध्ये विरुदुनगर या आपल्याच गावातून हरले, तर अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर २००० मधील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत टेनेसी या आपल्याच राज्यात मागे पडले. याचे स्पष्टीकरण देताना ‘अतिपरिचयात् अवज्ञा’ हे वचन हमखास पुढे केले जाते, परंतु मला ते अपुरे वाटते. कारण याच परिचयाच्या बळावर हे नेते त्याआधी वर्षानुवर्षे तेथूनच निवडून येत होते. मग नेमके काय बदलते? नेता बदलतो, प्रदेश बदलतो, की नेत्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दक्षिणायन:
कामराजांचे उदाहरण अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. १९५४ ते १९६३ या काळात मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या आणि शाळांतून मध्यान्ह भोजन सुरू केले. त्यांचा साधेपणा तर सर्वश्रुत होता. पुढे ज्येष्ठ नेत्यांनी सत्तापदे सोडून पक्षकार्य करावे, या त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेनुसार त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि नेहरूंनंतर शास्त्रींची व शास्त्रींनंतर इंदिरा गांधींची निवड त्यांनीच घडवून आणली.

अडचण इथूनच सुरू झाली. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची प्रमुख राजभाषा होणार, या मुद्द्यावर मद्रास राज्य पेटले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाले. दिल्लीतले सरकार काँग्रेसचे होते, आंदोलन मोडून काढणारे राज्य सरकारही काँग्रेसचेच होते, आणि त्या काँग्रेसच्या अध्यक्षपदी होते कामराज. हिंदी लादण्याला त्यांचा स्वतःचा विरोध होता, पण अध्यक्षाला पक्षाच्या निर्णयापासून अंग काढून घेता येत नाही. त्यातच तांदळाची टंचाई भासू लागली आणि द्रमुक या विरोधी प्रादेशिक पक्षाने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले. अखेर त्याच पक्षाच्या एका तरुण विद्यार्थी नेत्याने कामराजांना १,२८५ मतांनी हरवले.

माझ्या मते याचे कारण असे की, प्रादेशिक नेता दिल्लीकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, तेव्हा लोक त्याला आपला वकील समजतात. तोच राष्ट्रीय नेता झाला की दिल्लीचे निर्णय आपल्या माणसांच्या गळी उतरवण्याचे काम त्याच्याकडे येते. माणूस तोच राहतो, पण बाजू बदलते.

आकडेमोड:
विवेचन आवडले, तरी एक आक्षेप नोंदवतो. १९६७ मध्ये द्रमुकची लाट राज्यभर होती आणि काँग्रेसची सत्ताच गेली, तेव्हा एका जागेच्या निकालावरून नेत्याच्या अप्रियतेचे अनुमान काढणे धोक्याचे आहे. असाच गोंधळ १९७७ च्या रायबरेलीबाबत होतो. इंदिरा गांधी तेथे हरल्या हे खरे, पण त्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नव्हती, हे सांगायचे बहुतेक जण विसरतात.

गोर यांच्या बाबतीत तर नेत्यापेक्षा प्रदेशच अधिक बदलला होता. टेनेसीने त्यांना आधी प्रतिनिधिगृहात आणि नंतर सिनेटमध्ये पाठवले, पण १९९० च्या दशकात ते राज्य झपाट्याने रिपब्लिकन पक्षाकडे झुकले आणि १९९४ मध्ये सिनेटच्या दोन्ही जागा त्या पक्षाने जिंकल्या. याच काळात गोर उपाध्यक्ष म्हणून बंदुकांवरील निर्बंधांसारख्या धोरणांची पाठराखण करत होते, म्हणजे अंतर दोन्ही बाजूंनी वाढत गेले. अमेरिकेत अध्यक्षाची निवड राज्यवार वाटून दिलेल्या निर्वाचक मतांवर ठरते; गोर यांना अशी एकूण २६६ मते मिळाली आणि टेनेसीची मते होती ११. बहुमतासाठी २७० पुरेशी होती. ज्या फ्लोरिडाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्या राज्याची, घरचे राज्य राखले असते तर, त्यांना गरजच पडली नसती. (त्यांचे वडीलही याच राज्यातून सिनेटर होते आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यानंतर १९७० मध्ये पराभूत झाले, ही गोष्ट चरित्रकारांना भुरळ घालणारी आहे.)

दक्षिणायन:
लाट होती हे मान्य, परंतु ती ज्या कारणांमुळे उठली त्या कारणांचा राष्ट्रीय चेहरा कामराजच होते, म्हणून त्यांना लाटेपासून वेगळे काढता येत नाही. लोकांचा राग व्यक्तीवर नव्हता, एवढे मात्र मी मान्य करतो; १९६९ च्या नागरकोईलच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले.

तापीकाठ:
मोरारजी देसाईंचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे नवल वाटते. मराठी वाचकाला मोरारजी म्हटले की ते मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर झालेला मुंबईतील गोळीबार आठवतो आणि त्यामुळे ते गुजरातेत लोकप्रिय असणार असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात १९५६ च्या ऑगस्टमध्ये मराठी व गुजराती प्रदेशांचे मिळून एकच विशाल द्विभाषिक राज्य करण्याचा निर्णय झाला, तेव्हा अहमदाबादेतही विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मोरारजींनी शहरात जाऊन उपोषण केले, पण त्यांच्या सभेच्या वेळी लोकांनी ‘जनता कर्फ्यू’ पाळला. दगडफेक किंवा घोषणाबाजी करण्याऐवजी लोक घरातच बसून राहिले. सबंध देशाच्या दृष्टीने योग्य म्हणून पुढे केलेली तडजोड मराठी माणसाला नको होती आणि गुजराती माणसालाही नको होती. तिचा पुरस्कर्ता मात्र गुजराती होता, म्हणून घरचा राग अधिक बोचरा होता. परक्याकडून झालेला अन्याय माणूस राजकारण म्हणून समजून घेतो. आपल्या माणसाने केलेला अन्याय त्याला फितुरी वाटतो.

तरीही १९५७ मध्ये अहमदाबादने स्वतंत्र गुजरात राज्य मागणाऱ्या महागुजरात चळवळीच्या इंदुलाल याज्ञिकांना लोकसभेवर पाठवले असताना सुरतने मोरारजींनाच निवडले, आणि पुढेही त्यांची साथ सोडली नाही. तेव्हा ‘स्वतःचा प्रदेश’ म्हणताना आपण मतदारसंघाविषयी बोलतो आहोत की भाषिक प्रदेशाविषयी, हे आधी ठरवायला हवे.

चिकित्सक:
हा भेद माझ्या ध्यानात आला नव्हता. आंध्र प्रदेशातील काँग्रेस नेते नरसिंह रावांचे उदाहरणही त्यात बसते. १९८४ मध्ये ते आपल्या भागातील हनमकोंडा येथे हरले आणि महाराष्ट्रातील रामटेकमुळे लोकसभेत पोहोचले. पण १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाल्यावर, त्यांच्या भागापासून दूर, पण त्याच राज्यात असलेल्या नंद्यालच्या पोटनिवडणुकीत, तेलुगू माणूस पंतप्रधान झाला म्हणून विरोधी तेलुगू देसमने त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही.

उत्तररंग:
हा अभिमान कधी कधी नेत्याच्या कर्तृत्वाचा विचारही करत नाही. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने १९५६ मध्ये मूळच्या जॉर्जियन असलेल्या दिवंगत स्टालिनवर टीका केल्यावर जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. वास्तविक जॉर्जियानेही स्टालिनच्या दडपशाहीचे भरपूर चटके सोसले होते. ब्रिटनमध्ये २०१० साली स्कॉटिश पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचा मजूर पक्ष देशभर कोसळला, पण स्कॉटलंडमध्ये त्याची मते उलट वाढली. या दोन्ही प्रसंगी टीका बाहेरून आली होती आणि ती आपल्या सबंध प्रदेशावरच आहे, असे तिथल्या लोकांना वाटले. कामराज आणि मोरारजींच्या वेळी मात्र लोकांचे भांडण थेट त्यांच्याशीच होते. तिथे त्यांच्या बाजूने उभे राहायला प्रदेशाकडे कारण उरले नव्हते.