सीसीआर-४ : चोर की चोराच्या दारावरची पाटी?

धागाकर्ता : त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमात (टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगात), मुख्यतः मायकोसिस फंगॉइड्स आणि सेझरी सिंड्रोममध्ये, बिघडलेल्या पेशींवर सीसीआर-४ हा केमोकाइन रिसेप्टर, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या रासायनिक इशाऱ्यांचा ग्राहक, बहुतेकदा सापडतो. त्वचेतून सीसीएल-१७ आणि सीसीएल-२२ हे इशारे सुटतात, त्यांच्या मागावर पेशी तिथे पोचते. माझ्या मते रोगाचं मूळ हेच. त्याच्यावर नेम धरणारं मोगाम्युलिझुमॅब हे प्रतिपिंड-औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ३७२ रुग्णांच्या मॅव्होरिक चाचणीत रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ७.७ महिने, तुलनेसाठी व्होरिनोस्टॅट हे दुसरं औषध दिलेल्यांचा ३.१. आणखी काय पुरावा हवा?

काचपट्टीवाली : साफ असहमत. औषध लागू पडलं म्हणून लक्ष्य दोषी ठरत नाही. हे प्रतिपिंड मुख्यतः एनके पेशींना (प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींना) बोलावून समोरच्या पेशीला मारवतं. त्यातली फ्युकोज साखर मुद्दाम काढलीय ती त्याचसाठी. दारावर पाटी होती म्हणून पोलीस पोचले, चोरी पाटीने केली का? त्वचेत गस्त घालणाऱ्या निरोगी टी-पेशींवरही सीसीआर-४ असतो. त्यांना कुठे कर्करोग होतो?

शंकासुर : पाटीची उपमा झकास, पण अर्धीच. या रोगाच्या चुलतभावात, प्रौढांच्या टी-पेशी ल्युकेमियात, सीसीआर-४च्या जनुकातच बदल सापडलेत. रिसेप्टरची शेपटी तुटते, तो पेशीच्या आत ओढला जात नाही, इशारा चालूच राहतो. नुसती पाटी असं वागत नाही.

काचपट्टीवाली : चुलतभावाचा गुन्हा याच्या माथी का? मोगाम्युलिझुमॅबनंतर काही रुग्णांत रोग उलटतो तेव्हा त्या पेशींनी सीसीआर-४ चक्क टाकून दिलेला असतो, तरी त्या वाढतात. मूळ असतं तर ते टाकून जगल्या असत्या?

शंकासुर : सुरुवातीला लागणारी गोष्ट शेवटपर्यंत लागतेच असं नाही. शिडी चढून गेल्यावर ढकलून देतात.

काचपट्टीवाली : शिडी म्हणा, हरकत नाही. मूळ म्हणू नका.

ओपीडीतला : मूळ-पाटी तुम्ही बघा. आमच्या कामाचे आकडे वेगळे आहेत. त्याच चाचणीत प्रतिसाद रक्तात ६८ टक्के, त्वचेत ४२, लसीकाग्रंथींत जेमतेम १७. रिसेप्टर एकच, मग फरक एवढा का? शिवाय हे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही मारतं, त्यामुळे पुरळ उठतं. ते रोगाचं की औषधाचं हे डोळ्यांनी कळत नाही, बायोप्सी करावीच लागते.

धागाकर्ता : बरं, 'मूळ' शब्द मागे घेतो. पण सीसीआर-४ टाकलेली पेशी त्वचेत पोचते कशी? सीसीआर-१० या दुसऱ्या रिसेप्टरने?

काचपट्टीवाली : सेझरीत ते शक्य आहे, त्या पेशी रक्तातून फिरतात. मायकोसिस फंगॉइड्सची पेशी मात्र बहुधा त्वचेत मुक्काम ठोकलेल्या स्मृतिपेशींच्या जातीची. ती पोचेल कशाला? ती तिथलीच.