काळी रम म्हणजे जास्त जुनी रम, खरंय का?

उत्सुक_मी:
रम उसापासून करतात एवढं माहितीये. पण मग एक पांढरी, एक सोनेरी, एक पार काळी असं कसं? मित्र म्हणतो जितकी काळी तितकी जुनी आणि गोडवा उसाच्या साखरेचा. मला काही पटेना, कोणी नीट सांगेल का?

मळी_ते_पीप:
मित्राचं दोन्ही चुकतंय. रस आटवून साखरेचे दाणे काढून घेतले की जो घट्ट काळपट पाक उरतो ती मळी, बहुतेक रम तिचीच. मळीत पाणी घालून यीस्टने आंबवतात, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं, मग ते तापवून वाफ थंड करून गोळा करतात. आता साखर आणि रंग काही वाफेबरोबर वर जात नाहीत, त्यामुळे मळी कितीही काळी असो, भट्टीतून पडणारी धार एकदम नितळ आणि बिनसाखरेची असते. रंग नंतरचा, ओकच्या पिपातला नाहीतर सरळ कॅरमल (करपवलेली साखर) घालून आणलेला. काळ्याकुट्ट रममध्ये तर बहुतेकदा कॅरमलच. उलटंही होतं बरं का, काही पांढऱ्या रम पिपात मुरवतात आणि मग कोळशातून गाळून रंग काढून टाकतात!

नितळ_धार:
+१. रंग सोडा हो, खरी मजा आंबवण्यात आहे. हलकी रम एक-दोन दिवसांत आंबवून कॉलम म्हणजे उंच नळकांड्यासारख्या भट्टीतून काढतात. जमैकात काही ठिकाणी हेच काम आठवडा-दोन आठवडे चालतं, वर आधीच्या खेपेचा भट्टीत उरलेला आंबट गाळ, ज्याला डंडर म्हणतात, तोही घालतात. त्यातनं एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं, भरपूर बनतात आणि अतिपिकल्या केळ्यासारखा जो वास सुटतो तो एकदा घेतला की कधी विसरणार नाही. मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावर तर मळी नाहीच, थेट ताज्या उसाचा रस, त्यांच्या या रमला १९९६ पासून एओसी (ठरावीक प्रदेशातल्या मालाला मिळणारा फ्रेंच संरक्षित नावाचा) दर्जा आहे. चव एकदम हिरवी, गवताळ.

उत्सुक_मी:
भारी माहिती! मग बाटलीवरची वर्षं तरी खरी धरायची का? आणि गोड लागते ती कशामुळे?

मळी_ते_पीप:
वर्षांचं देशावर आहे. जमैकात आकडा मिश्रणातल्या सगळ्यात कमी वयाच्या रमचा असतो. सोलेरा पद्धतीत मात्र जुनी-नवी एकत्र होत राहते, तिथे मोठा आकडा फक्त सगळ्यात जुन्या थेंबाचा असू शकतो, म्हणून लेबल नीट वाचा. गोडवा थोडा पिपातल्या व्हॅनिलासारख्या वासामुळे भासतो, पण पुष्कळ ठिकाणी साखर वरून घालतात. युरोपियन युनियनच्या नियमात लिटरला २० ग्रॅमपर्यंत चालते. घरी तपासायचंय? २० अंश सेल्सिअसला अल्कोहोलचा हायड्रोमीटर (घनतेवरून अल्कोहोलचे टक्के दाखवणारी तरंगती काचेची नळी) सोडून बघा. साखरेनं घनता वाढते, त्यामुळे ४० टक्के लिहिलेल्या बाटलीत तो ३५ च्या आसपास थांबला तर लिटरला साधारण २० ग्रॅम साखर आहे समजा.